लेखन अडते तेव्हा : दहा मिनिटांच्या मुक्तलेखनाचे तंत्र

विषय ठरलेला असतो, टिपणे काढून झालेली असतात, मुदतही जवळ येऊन ठेपलेली असते. पण पहिले वाक्य काही केल्या कागदावर उतरत नाही. उतरलेच तर पुढच्या क्षणी खोडले जाते. प्रबंध लिहायला बसलेला संशोधक, वार्षिक अहवालाची जबाबदारी अंगावर पडलेला अधिकारी, दिवाळी अंकाला कथा देण्याचे कबूल करून बसलेला लेखक आणि नोकरीच्या अर्जासोबत चार ओळी लिहू पाहणारा तरुण, या साऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. इंग्रजीत याला ‘रायटर्स ब्लॉक’ असे नाव आहे. मराठीत आपण ‘लेखन अडले’ असे साधेपणाने म्हणतो.

अडलेल्या लेखनामुळे मुदत हुकते, हे नुकसान लहान. ‘आपल्याला लिहिताच येत नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस लेखनाची वाट कायमची सोडून देतो, हे नुकसान मोठे. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा असतो. लिहिण्याजोगे काही नसल्यामुळे लेखन अडते, असे दरवेळी घडत नाही. मनात येणारे वाक्य आणि त्या वाक्याची चिकित्सा ही दोन कामे एकाच वेळी सुरू झाल्यानेही ते अडते. ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करावीत, या साध्या विचारावर ‘फ्रीरायटिंग’ अर्थात मुक्तलेखनाचे तंत्र उभे आहे.

मुक्तलेखन म्हणजे काय?

ठरावीक वेळ, साधारणतः दहा मिनिटे, हात न थांबवता लिहीत राहणे म्हणजे मुक्तलेखन. या अवधीत खोडायचे नाही, मागे जाऊन वाचायचे नाही, योग्य शब्दासाठी अडून बसायचे नाही. शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेद यांची पर्वा करायची नाही. विषय सुटून भलतीकडे गेलो तरी चालते. काहीच सुचेनासे झाले तर ‘काही सुचत नाही’ हेच पुन:पुन्हा लिहायचे. पण लेखणी थांबू द्यायची नाही.

त्याला एक अट मात्र जोडलेली आहे. हे लेखन खासगी असते. ते कोणाला दाखवायचे नसते, त्याला गुण नसतात आणि त्यावर कोणाचा शेरा पडणार नसतो. वाचक समोर नाही ही खात्री असल्याखेरीज मनातला परीक्षक गप्प बसत नाही.

अडलेल्या विद्यार्थ्याने शोधलेली वाट

हे तंत्र जगभरच्या वर्गांत पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकी प्राध्यापक पीटर एल्बो यांच्याकडे जाते. १९३५ साली जन्मलेले एल्बो स्वतः लेखन अडण्याच्या त्रासातून गेले होते. विल्यम्स कॉलेजात चांगली प्रगती दाखवून ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे त्यांचे निबंध लिहून होईनात. पुढे हार्वर्डमध्ये इंग्रजी साहित्यात पीएच.डी.साठी त्यांनी प्रवेश घेतला. तेही पहिल्याच वर्षी सोडून द्यावे लागले. दोन नामवंत विद्यापीठांत शिकण्याची संधी मिळालेल्या हुशार विद्यार्थ्याला कागदावर काही उतरवता येत नव्हते.

मधली काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. शिकवताना स्वतःचे निबंध लिहावे लागत नव्हते, विद्यार्थ्यांचे तपासावे लागत होते. नंतर ब्रँडाइस विद्यापीठात त्यांनी पुन्हा पीएच.डी.चा अभ्यास सुरू केला. या वेळी त्यांनी एक वेगळी सवय लावून घेतली. लेखन कोठे अडले, कशामुळे अडले आणि कशाने सुटले, याची टिपणे ते स्वतःसाठी लिहून ठेवू लागले. चॉसर या मध्ययुगीन इंग्रज कवीवरील त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पण त्याहून दूरवर गेली ती ही टिपणे. त्यांतूनच १९७३ मध्ये ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ हे पुस्तक आकाराला आले. १९८१ मध्ये ‘रायटिंग विथ पॉवर’ हे दुसरे पुस्तक आले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुक्तलेखनाची कल्पना आपली एकट्याची असल्याचा दावा एल्बो यांनी केला नाही. मिशिगन राज्यातील प्राध्यापक केन मॅक्रोरी यांचे ऋण त्यांनी मान्य केले होते. १९६० च्या दशकात मॅक्रोरी विद्यार्थ्यांच्या निर्जीव निबंधांना कंटाळले होते. शिक्षकाला खूश करण्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या त्या जड, पोकळ भाषेला त्यांनी ‘इंगफिश’ असे चेष्टेचे नाव दिले होते. घरी जाऊन दहा मिनिटे, मनात येईल ते न थांबता लिहून आणा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले आणि आलेल्या कागदांत त्यांना प्रथमच जिवंत माणसांचा आवाज ऐकू आला. ‘टेलिंग रायटिंग’ आणि ‘अपटॉट’ ही त्यांची दोन्ही पुस्तके १९७० सालची आहेत.

दोनशे वर्षांची पूर्वपीठिका

न थांबता लिहिण्याच्या कल्पनेचे मूळ आणखी मागे जाते. जर्मन लेखक लुडविग ब्योर्ने यांनी १८२३ मध्ये, तीन दिवसांत स्वतंत्र प्रतिभेचा लेखक कसे व्हावे, याविषयी एक छोटा निबंध लिहिला. तीन दिवस मनात येईल ते सारे, कसलीही लपवाछपवी न करता लिहून काढा, असा त्याचा सल्ला होता. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना चौदाव्या वर्षी ब्योर्ने यांचे ग्रंथ भेट मिळाले होते. रुग्णाला मनात येईल ते बोलू देण्याच्या आपल्या पद्धतीमागे या जुन्या वाचनाचा नकळत वाटा असावा, हे फ्रॉइड यांनी १९२० मध्ये मान्य केले.

फ्रान्समध्ये आंद्रे ब्रेताँ आणि फिलिप सुपो या तरुण कवींनी १९१९ मध्ये ‘स्वयंचलित लेखना’चा प्रयोग केला; त्यातून तयार झालेले पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. १९२४ मधील अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात ब्रेताँ यांनी या पद्धतीला मध्यवर्ती स्थान दिले. त्यांचा हेतू मात्र वेगळा होता. अबोध मनातून जे येईल तेच त्यांना साहित्य म्हणून हवे होते. मुक्तलेखनात बाहेर आलेला मजकूर हा केवळ कच्चा माल समजला जातो.

अडलेल्या लेखकाचा थेट विचार केला तो अमेरिकी लेखिका डोरोथिया ब्रँड यांनी. १९३४ च्या ‘बिकमिंग अ रायटर’ या पुस्तकात त्यांनी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठून, कोणाशी न बोलता आणि काहीही न वाचता लिहायला बसण्याचा सल्ला दिला. सकाळचे वर्तमानपत्रही त्या वेळी हातात घेऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२ च्या ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकातून लोकप्रिय केलेली रोज सकाळी तीन पाने लिहिण्याची पद्धत याच जातकुळीतली.

अडते नेमके काय?

‘रायटर्स ब्लॉक’ हा शब्दप्रयोग १९४० च्या दशकात मनोविश्लेषक एडमंड बर्ग्लर यांनी रूढ केला. त्याची कारणे त्यांनी लेखकाच्या बालपणात आणि अबोध मनात शोधली. पुढच्या संशोधकांना मात्र लिहिण्याच्या प्रक्रियेतच अधिक जवळची कारणे सापडली.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार लेखनात तीन प्रक्रिया चालू असतात : काय सांगायचे याची आखणी, विचाराचे भाषेत रूपांतर आणि लिहिलेल्याची तपासणी. त्या एकामागून एक येत नाहीत, परस्परांत मिसळतात. सराईत लेखकाला ही कसरत जमते. नवख्याच्या किंवा धास्तावलेल्या माणसाच्या बाबतीत तपासणी इतक्या लवकर आणि इतक्या वेळा हस्तक्षेप करते, की रूपांतराला सवडच मिळत नाही. वाक्य पुरे होण्याआधीच ते नापास झालेले असते.

कॅलिफोर्नियातील प्राध्यापक माइक रोझ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी दहा विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणांचे लेखन वारंवार अडत असे, पाच जणांचे अडत नसे. दोन्ही गटांतील विद्यार्थ्यांची कुवत सारखीच होती. फरक होता तो नियमांत. अडणारे विद्यार्थी ‘पहिला परिच्छेद वाचकाला खिळवून ठेवणारा हवाच’ अशा प्रकारचे नियम कायद्यासारखे पाळत आणि तो नियम पुरा होईपर्यंत पुढे सरकत नसत. न अडणाऱ्यांनाही नियम ठाऊक होते. पण अडचण आली की ते नियम बाजूला ठेवत.

या विषयावर गमतीही झाल्या आहेत. मानसशास्त्रज्ञ डेनिस अपर यांनी १९७४ मध्ये वर्तन-विश्लेषणाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात ‘रायटर्स ब्लॉक’वरील स्वतःच्या अयशस्वी उपचारांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. शीर्षकाखाली मजकुराची जागा संपूर्ण कोरी होती.

दहा मिनिटांनंतरचे काम

मुक्तलेखनाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. मनात येईल ते लिहिले की झाले, असे अनेकांना वाटते. एल्बो यांच्या पद्धतीचा उत्तरार्ध त्यामुळे दुर्लक्षित राहतो. लिहून झाल्यावर थांबायचे, मजकूर वाचायचा आणि त्याचा गुरुत्वमध्य शोधायचा, असे ते सांगतात. या साऱ्या पसाऱ्यातून कोणती गोष्ट पुढे येऊ पाहते आहे, ती एका वाक्यात लिहायची. ते वाक्य घेऊन पुन्हा लिहायला बसायचे. चार तास हाताशी असतील तर प्रत्येक तासात पाऊण तास लेखन आणि पाव तास असा सारांश, अशी चार आवर्तने करावीत, असे त्यांनी सुचवले होते.

समजा, एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहायचा आहे. ‘आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, ही अत्यंत आनंदाची बाब आहे’ या वाक्यापुढे लेखणी सरकत नाही. मग दहा मिनिटांचे मुक्तलेखन काहीसे असे होईल :

‘काय लिहू कळत नाही पंचवीस वर्षे म्हणजे खूप झाली लिफ्ट तेव्हा बंदच असायची रंग कोणता होता आठवत नाही, पाणी नव्हते, टँकर आला की सगळे बादल्या घेऊन खाली, काही सुचत नाही काही सुचत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची बादली मुले वर नेऊन द्यायची, आता पाणी चोवीस तास आहे पण आजींच्या घरात कोण राहायला आले ते माहीत नाही…’

स्मरणिकेत छापावे असे यात काही नाही. पण वाचून पाहिल्यास गुरुत्वमध्य लगेच सापडतो : पाण्याच्या रांगेने या इमारतीला शेजार दिला, आणि पाणी आल्यावर शेजार विरळ झाला. लेखाला आता विषय मिळाला. पहिले आनंदाचे वाक्य आपोआप गळून पडले. दहा मिनिटांच्या मजकुरातील नऊ मिनिटांचे लेखन टाकून द्यावे लागते, याचा खेद करण्याचे कारण नाही. ते त्यासाठीच असते.

मराठीत लिहिताना

मराठी माणसाच्या मनातला परीक्षक बहुतेक वेळा शाळेतल्या निबंधाच्या वहीतून आलेला असतो. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, समारोप हा साचा आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा यांची आठवण फार काळ पुरते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. छापील मजकुराला हे नियम आवश्यकच आहेत. मात्र ‘परीक्षा’तला ‘री’ ऱ्हस्व की दीर्घ, याचा निवाडा वाक्य सुचत असतानाच करण्याची गरज नाही. पक्की प्रत करताना तो करता येतो.

या दोन अवस्थांसाठी आपल्याकडे शब्दही आहेत : खर्डा आणि पक्की प्रत. ‘दासबोधा’च्या १९ व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षरांचे वळण, लेखणी, शाई, कागद यांविषयीच्या सूचना आहेत. ग्रंथाची सुबक नक्कल करणाऱ्याला हवी ती शिस्त त्यात सांगितली आहे. आपली अडचण होते ती ही पक्क्या प्रतीची शिस्त खर्ड्यालाच लावल्याने.

भाषेच्या निवडीचा प्रश्नही येथे येतो. एल्बो यांनी २०१२ मध्ये ‘व्हर्नॅक्युलर एलोक्वन्स’ या पुस्तकात बोलीचे बळ लेखनात कसे आणावे याची चर्चा केली. घरात बोलतो त्या भाषेत प्रथम लिहावे आणि प्रमाण रूप नंतर द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलत वाढलेल्या आणि शहरात येऊन प्रमाण मराठीत अर्ज, अहवाल, प्रबंध लिहिणाऱ्या अनेकांना हा सल्ला उपयुक्त ठरावा. प्रत्येक वाक्य मनातल्या मनात प्रमाण भाषेत वळवून मगच लिहायचे, या खटाटोपात विचारच निसटतो. घरच्या बोलीत दहा मिनिटे लिहून घेतल्यास विचार हाती लागतो. वळवण्याचे काम सावकाश करता येते.

संगणकावर किंवा मोबाइलवर देवनागरी टंकलेखन करताना शब्दांचे पर्याय सुचवले जातात आणि प्रत्येक पर्यायापाशी नजर थबकते. सवय नसल्यास मुक्तलेखनापुरते कागद-पेन बरे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत संपूर्ण मसुदा हाती देतात. त्याने कोरा कागद भरतो. पण आपल्याला या विषयावर काय म्हणायचे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. मुक्तलेखनाचा उपयोग मुख्यतः त्या उत्तरासाठी आहे.

तंत्राच्या मर्यादा

मुक्तलेखनाने लेखन सुरू होते. ते चांगले होईलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना पत्रे लिहायला दिली होती. लिहिण्याआधी मुद्द्यांचा आराखडा करणाऱ्यांच्या लेखनाचा दर्जा सुधारला. आधी ओबडधोबड खर्डा लिहून मग सुधारणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. यावरून एक व्यवहारी निष्कर्ष काढता येतो. काय सांगायचे ते ठाऊक असेल तर आराखडा करावा. ते ठाऊक नसेल किंवा भीतीने हात थिजला असेल तर मुक्तलेखन करावे.

दुसरी मर्यादा सातत्याची. अमेरिकी संशोधक रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठीय अध्यापकांचे तीन गट केले होते. एका गटाने लिहिणे टाळायचे होते, दुसऱ्याने लहर लागेल तेव्हा लिहायचे होते आणि तिसऱ्याने ठरलेल्या वेळी लिहायचेच, न लिहिल्यास दंड भरायचा होता. तिसऱ्या गटाची पाने तर अधिक झालीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांना ती कमी वेळा भेटली. अभ्यास लहान होता. तरी मुदतीपूर्वी एकदाच केलेल्या मुक्तलेखनापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक कामाची, एवढा बोध त्यातून घेता येतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वाचन आणि माहिती अपुरी असल्याने अडलेले लेखन मुक्तलेखनाने सुटत नाही; त्यासाठी पुन्हा ग्रंथालयातच जावे लागते. तसेच लेखनाबरोबर झोप, भूक, कामातला रस हेही आठवडेच्या आठवडे हरपले असतील, तर तो प्रश्न लेखनाचा राहत नाही. अशा वेळी वही बाजूला ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुक्तलेखनात एखादी वेदनादायक आठवण उफाळून आली आणि ती सोसवेनाशी झाली, तर थांबण्यातही कमीपणा नाही. हात न थांबवण्याचा नियम सरावापुरता आहे.

मुक्तलेखन कसे करावे?

१. घड्याळ किंवा गजर दहा मिनिटांवर लावावा. सुरुवातीस पाच मिनिटेही पुरेशी.

२. विषय असेल तर तो पानाच्या माथ्यावर लिहावा. नसेल तर मनात असेल तेथून सुरू करावे.

३. गजर होईपर्यंत हात थांबवू नये. खोडू नये, मागचे वाचू नये.

४. शब्द अडला तर रिकामी रेघ ओढून किंवा इंग्रजी शब्द टाकून पुढे जावे.

५. सुचेनासे झाल्यास शेवटचा शब्द अथवा ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहावे.

६. गजरानंतर क्षणभर थांबून सारे वाचावे. जिथे नजर रेंगाळेल ते वाक्य अधोरेखित करावे.

७. त्यातून निघणारी मुख्य गोष्ट एका वाक्यात लिहावी आणि त्या वाक्यापासून पुन्हा दहा मिनिटे लिहावे.

८. दोन-तीन फेऱ्यांनंतर मुद्द्यांचा आराखडा करावा. शुद्धलेखन, मांडणी, काटछाट यांची पाळी त्यानंतर.

९. कच्चे कागद कोणाला दाखवू नयेत. काम झाल्यावर ते फाडून टाकण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचाच.

मनातला परीक्षक हा लेखकाचा शत्रू नव्हे. त्याच्याविना कोणताही मजकूर छापण्यायोग्य होत नाही. त्याला दहा मिनिटे उशिरा बोलवावे, एवढीच या तंत्राची मागणी आहे.